चांगला संगणक बाद का ठरतो?

समजा, पिंप्राळ्याच्या एखाद्या शाळेत २०१६ साली घेतलेला संगणक अजून नीट चालतो आहे. तरीही विंडोज ११ त्याला नाकारते, आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. नव्या प्रणालीला ४ गिगाबाइट स्मृती पुरते. मात्र इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ पासूनचा, आणि टीपीएम २.० हवे. टीपीएम सांकेतिक किल्ल्या वेगळ्या जपून ठेवते. हेतू रास्तच आहे. पण १६ गिगाबाइटचे जुने यंत्र बाद आणि ४ गिगाबाइटचे रखडणारे नवे यंत्र पात्र, हा निकष शाळेच्या कामाशी जुळत नाही. केरळच्या शाळांनी लिनक्सवर वर्षानुवर्षे शिकवून दाखवले आहे. शिक्षकमित्रांनो, यंत्र भंगारात देण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. मराठी टंकलेखन आणि प्रिंटर तपासा. मगच निर्णय घ्या.