घाटातल्या दोन एसटी आणि सरांच्या नोट्स

जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये आमच्या सरांच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं आणि २० वर्षांच्या नोट्सचा चिखल झाला. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "तुझ्याकडे फोटो आहेत का रे?" वर्गात ज्या फोटोंवरून ते ओरडायचे, तेच फोटो. आम्ही चौघांनी जुने मोबाइल धुंडाळून बहुतेक पानं जमवली. आता सर विचारतात, "हे सगळ्यांसाठी नेटवर टाकू का? पण लोक चुका काढतील."

म्हणून मी त्या नोट्स पुन्हा वाचल्या. या वेळी डोक्यावर परीक्षा नव्हती.

ऑपरेटिंग सिस्टिममधला डेडलॉक सर असा शिकवतात: पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट. अरुंद वळणावर दोन एसटी समोरासमोर. रस्ता एका वेळी एकाच गाडीचा. प्रत्येकीने आपला तुकडा अडवलाय आणि तिला पुढचा हवाय. कुणालाच जबरदस्तीने मागे लोटता येत नाही. पहिली दुसरीसाठी थांबलीय, दुसरी पहिलीसाठी. झाल्या चारही अटी. यातली एक मोडली, म्हणजे एका ड्रायव्हरने रिव्हर्स घेतला, की घाट मोकळा. पोलादपूरच्या पोराला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

पण याच नोट्समध्ये बँकर्स अल्गोरिदमचं गणित नुसतं सोडवून दाखवलंय. ते का चालतं, यावर एक ओळ नाही. दोन ठिकाणी बेरीज चुकलीय. आकृत्या सरळ पाठ्यपुस्तकातून उचलल्यात.

मग जगात चांगलं साहित्य फुकट असताना या नोट्स कशाला? एमआयटीने २००१ मध्ये ओपनकोर्सवेअर जाहीर केलं. तिथे अडीच हजारांहून जास्त कोर्स आहेत. आयआयटी आणि आयआयएससीने २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. माझी नोकरी या दोन्हींच्या जिवावर उभी आहे. तरी एमआयटीच्या कितीतरी कोर्समध्ये मला नुसत्या स्लाइड मिळाल्या, समजावणारा माणूस मिळाला नाही. एनपीटीईएलच्या व्हिडिओत माणूस असतो, पण समोरचा कुठे अडखळतोय हे त्याला दिसत नाही. सरांना ते २० वर्षं दिसलंय. त्यांच्या समासात जागोजागी लिहिलंय, 'इथे पोरं चुकतात'. हे तीन शब्द मला दुसरीकडे कुठे सापडले नाहीत.

'खुलं' म्हणजे काय, हे महाडला नवं नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्या लढ्याशी नोट्सची बरोबरी होऊच शकत नाही. पण ठराव आणि ओंजळ यांत केवढं अंतर असतं, हे तिथे दिसतं.

म्हणून सर, नुसती पीडीएफ टाकून भागणार नाही. आधी नोकरीचा करार बघा. नोट्सचा हक्क कॉलेजचा असू शकतो. तो तुमचा असेल, तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्पष्ट लिहा. नाहीतर ज्युनिअर ती वाचेल, पण चूक सुधारून पुढे द्यायची मुभा त्याला नसेल. आकृत्या नव्याने काढा. दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात जी सूट मान्य केली, ती अभ्यासक्रम शिकवण्याच्या ओघातल्या वापरापुरती. अख्ख्या नेटला ती लागू होईल असं धरून चालू नका. फाइल हलकी ठेवा, घाटात रेंज टिकत नाही.

राहिल्या चुका. त्या लोक काढतीलच, आणि पुढच्या बॅचला बेरीज बरोबर मिळेल. पुरात कपाट बुडालं, चोरून काढलेले फोटो तेवढे तरंगले. आता चोरून कशाला?

आकृत्या काढायला शनिवारी महाडला येतोय.