गोष्ट सांगणाऱ्यांच्या बाजूने

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हापासून या कादंबरीवर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. धरणग्रस्तांची वेदना, तुटलेली मुळं, विकासाची किंमत हे सगळं त्यात आलं. म्हैस मात्र आली ती ओझरती. वास्तविक ही कादंबरी उभी आहे ती म्हशीवर. गाव धरणात जातं, माणसं उठून दुसरीकडे वसतात, जुन्या मुलखात मागे राहिलेली म्हैस रानटी होते आणि देवाप्पा तिला आणायला निघतो. पुढे रान आहे, माग काढणं आहे, माणूस आणि जनावर यांनी एकमेकांना जोखणं आहे. सरळ सांगायचं तर हा पाठलाग आहे. वाचक पान उलटतो तो म्हैस हाती लागेल का, लागली तर कुणाची सरशी होईल, या धास्तीने. विस्थापन म्हणजे काय हे त्याला त्या धास्तीतूनच कळतं. जे जनावर कालपर्यंत दावणीला होतं ते आज माणसाला ओळखत नाही, हे त्याने देवाप्पाबरोबर चालत अनुभवलेलं असतं. समीक्षेने नेमका हा अनुभव गाळला आणि त्याचा गोषवारा तेवढा ठेवला.

परीक्षण लिहायचं नाही, चर्चासत्रात निबंध वाचायचा नाही, अभ्यासक्रमाशी देणंघेणं नाही, अशा मोकळेपणाने, निव्वळ सुखासाठी वर्षभर मराठी कादंबऱ्या वाचल्या की ही चीड वाढतच जाते. नवं-जुनं असा भेद न करता वाचलं, ग्रंथालयातली रेक्झिनची बांधणी आणि दुकानातलं कोरं पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं, तर वाचकाला धरून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांत एक समान गोष्ट दिसते. त्यांच्यात काहीतरी घडतं, आणि जे घडतं त्यामुळे पुढचं घडतं. एवढी साधी बाब मराठीत आज संशयास्पद झाली आहे. नव्या कादंबऱ्यांची मलपृष्ठं वाचून पाहावीत. ‘बहुपेडी’, ‘समकालाचा छेद’, ‘अस्वस्थ करणारी’ हे सगळं तिथे असतं. कोण, कुठे, कशाच्या मागे लागलं आहे, याचा पत्ता नसतो.

वर्षाचा सर्वांत मोठा आनंद दिला तो नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ने. १९९७ साली आलेली ही कादंबरी पुन्हा हातात घेतली तर तिचा एकही सांधा निखळलेला दिसत नाही. अंताजी म्हातारपणी आपली हकिकत सांगायला बसतो. बंगालवरच्या मराठी स्वाऱ्यांपासून प्लासीपर्यंतचा काळ हा माणूस जवळून पाहतो, पण इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला जागा मिळते असा तो नाही. तो शूर नाही. जीव सांभाळणं हे त्याचं पहिलं काम, पोट भरणं दुसरं. हेरगिरी करतो, इकडचं तिकडे करतो, बायकांच्या बाबतीत फारसा विधिनिषेध बाळगत नाही आणि हे सगळं जुन्या बखरीच्या वळणाच्या, अधूनमधून डोळा मारणाऱ्या मराठीत सांगतो. वाचक हसत राहतो. हसता हसता त्याच्या ध्यानात येतं की ज्याला आपण पराक्रम म्हणत आलो ती बंगाली शेतकऱ्याच्या दारातली लूट होती. कुठेही भाषण नाही. लुटीत सामील असलेला माणूसच ती लूट आपल्याला दाखवतो, आणि त्याच्या नजरेने पाहताना आपणही थोडे सामील होतो.

मराठी ऐतिहासिक कादंबरी एरवी कुठल्या वाटेने गेली हे आठवलं की खऱ्यांचं मोल कळतं. ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली, ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये, आणि त्यानंतर नायकाच्या पायाशी बसून लिहायची रीतच पडून गेली. त्या रीतीने आजही दरवर्षी जाडजूड पुस्तकं निघतात. त्यांबद्दल इथे अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

खरे पेशाने सिव्हिल इंजिनियर होते, आणि ते त्यांच्या बांधणीत दिसतं. ‘बखर अंतकाळाची’ २०१० मध्ये आली. त्यानंतरच्या ‘उद्या’साठी जाहीर झालेला अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा मृत्युलेखांत विवेकवाद, विज्ञानदृष्टी, पुरस्कार नाकारण्याची वृत्ती या सगळ्याचा योग्य गौरव झाला. गेल्या तीन-चार दशकांत मराठीत इतकी चटकदार गोष्ट सांगणारे फार थोडे झाले, हे मात्र ठासून सांगायला हवं होतं.

दुसरा मोठा आनंद श्री. ना. पेंडशांचा. ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड १९८७ चे. जगबुडीच्या काठावरच्या एका घराण्याच्या पिढ्यामागून पिढ्या त्यात येतात, आणि तरी वाचक कुठेही वंशावळीत हरवत नाही, कारण प्रत्येक पिढीला स्वतःचं एक भांडण आहे. जमिनीचं, बाईचं, गावातल्या मानाचं. पेंडसे प्रसंग रचतात. दोन माणसं समोरासमोर आणतात, दोघांनाही माघार घेता येणार नाही अशी वेळ आणतात, आणि मग बाजूला होतात. ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा आहे. बापूने अण्णा खोतासमोर ताठ उभं राहणं आणि अख्ख्या गावाच्या नाकावर टिच्चून राधेशी संसार मांडणं आजही तितकंच ताजं वाटतं. खोती, जातीचा ताठा, गावाची दहशत यांचं विश्लेषण त्या एका हट्टात होऊन जातं. ‘प्रादेशिक कादंबरी’ या कप्प्यात पेंडशांना एकदा टाकलं की त्यांच्या रचनेबद्दल बोलायची जबाबदारी संपते, असं समजून आपले प्राध्यापक मोकळे झाले आहेत.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) या वर्षातली सर्वांत निर्मळ सोबत. नववीतला मुकुंद जोशी, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी पोरं, शिरोडकर कुठल्या रस्त्याने किती वाजता जाते याचा लागलेला ध्यास. आणीबाणी चालू आहे, पण ती मोठ्यांच्या बोलण्यातून, कडेकडेने येते. मुलाला तिच्यापेक्षा शिरोडकरचं वळून बघणं मोठं वाटतं. बोकिलांनी हे प्रमाण शेवटपर्यंत ढळू दिलेलं नाही आणि म्हणून दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. एखाद्या मुलीशी दोन वाक्यं बोलायला मिळतील का, एवढ्या प्रश्नावर शंभर पानं ताणून धरायला केवढं कसब लागतं! हे कसब ओळखण्यासाठी आपल्या समीक्षेकडे परिभाषाच उरलेली नाही.

आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचं नाव सर्वांआधी घ्यायला हवं. ‘दंशकाल’मध्ये भीती भुतापेक्षा घरातल्या माणसांकडून अधिक येते. ‘हाकामारी’त रात्री दारात येऊन हाक मारणाऱ्या, ओ दिली की जीव घेणाऱ्या बाईची वदंता आहे. गुप्ते वातावरण शब्दांच्या आतषबाजीने उभं करत नाहीत. ते माहिती किती आणि कधी द्यायची हे ठरवतात. एखादी गोष्ट वाचकाला आधी कळते, पात्राला नंतर, कधी उलट. कादंबरी नावाच्या कलेचं हे मूळ काम आहे आणि ते करणारा माणूस ‘भयकथाकार’ म्हणून वेगळ्या पंगतीला बसवला जातो.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. शहरी एकटेपणावर लिहिणाऱ्या तरुण लेखकांपैकी प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’मध्ये धग आहे, त्यांच्या मागून आलेल्या बऱ्याच जणांत नुसता धूर आहे. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ पेलायला अवघड आहे, पण एकेका सातपाटलाची गोष्ट सुटी वाचली तर पठाऱ्यांतला अस्सल कथेकरी भेटतो. थोरांच्या चरित्रांना संवाद जोडून केलेल्या कादंबऱ्या वाचू नयेत.

आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. मराठीत गोष्टीवरचा संशय कुठून आला असं विचारलं की बोट १९६३ कडे जातं. हे पूर्ण खरं नाही. ‘कोसला’ सुखासाठी वाचली तर ती पोट धरून हसवते. मेसचा सेक्रेटरी झालेला पांडुरंग हिशेबात कसा बुडतो, हॉस्टेलवरची मुलं कशी बोलतात, आपल्याच काळाची टवाळी पोरं इतिहासकाराच्या थाटात कशी करतात, हे सगळं एका पक्क्या गोष्टीवेल्हाळ माणसाचं लेखन आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूनंतरची पानं तर काळीज चिरत जातात, कारण त्याआधी नेमाड्यांनी आपल्याला हसायची सवय लावलेली असते. नेमाड्यांच्या मागून आलेल्यांनी यातला कंटाळा उचलला आणि विनोद टाकून दिला. मग साठ वर्षं खोलीत पडून विचार करणारे नायक झाले. त्यांच्या आयुष्यात काही घडत नाही हे त्यांच्या निर्मात्यांना खोल वाटलं, आणि समीक्षकांनी त्याला दुजोरा दिला.

हा दुजोरा हाच खरा रोग आहे. ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथानक कसं बांधावं, गुंता कुठे करावा, उकल कधी करावी हे उघडपणे मांडलं. फडक्यांच्या कादंबऱ्यांतला गुळगुळीतपणा पुढच्या पिढीला खटकला, आणि ते रास्तच होतं. पण तो नाकारताना कारागिरीची चर्चाही नाकारली गेली. त्यानंतर मराठीत कादंबरीच्या रचनेवर, लेखक प्रसंग कसा बेततो यावर किती लिहिलं गेलं? आशयावर ढीगभर. जाणिवेवर, भानावर, मूल्यव्यवस्थेवर ढीगभर. जणू कादंबरी हा मतांचा गठ्ठा आहे आणि गोष्ट ही तो बांधायची सुतळी.

याची किंमत कुणी मोजली? आधी बायकांनी. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांची पुस्तकं गावोगावच्या ग्रंथालयांत कपाटात टिकत नसत. मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरली की त्यावर दुसरी चिकटवली जाई. दुपारी घरकाम आटोपून मराठी बायकांनी ज्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांतून त्यांना काय मिळालं, त्या पुन्हा पुन्हा त्याच पुस्तकाकडे का वळल्या, याकडे समीक्षेने बघितलंच नाही. ‘बायकी’ म्हणून एका शब्दात निकाल लावला. त्यांतल्या सगळ्याच कादंबऱ्या चांगल्या होत्या असं कुणी म्हणणार नाही. पण वाचल्याशिवाय वाईट ठरवणं ही समीक्षा नव्हे.

मग मोजली ती एकूणच मराठी वाचकाने. गोष्टीची भूक काही मरत नसते. ती भागवायला तो कन्नडमधल्या भैरप्पांकडे गेला. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली ‘पर्व’ आणि ‘वंशवृक्ष’ आज इथल्या घराघरांत मराठी पुस्तकांसारखी नांदतात. इथपर्यंत चांगलंच झालं. पण त्यापुढे इंग्रजी थरारकथांच्या अनुवादांनी दुकानातली फळी भरली. न्यूयॉर्कमधला वकील, बोस्टनमधला डॉक्टर, सगळे मराठीत बोलू लागले. नागपूरच्या कोर्टातला, मिरजेच्या हॉस्पिटलातला थरार लिहायला मात्र नव्या लेखकाचं मन धजेना, कारण तसं लिहिलं की आपल्याला कुणी गंभीरपणे घेणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक. प्रकाशक म्हणतात, मराठीत तसं लिहिणारे नाहीत. कसे असतील? ज्यांनी लिहिलं त्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. हजारावर पुस्तकं लिहिणारे बाबुराव अर्णाळकर वाङ्मयाच्या इतिहासात तळटीप म्हणून उरले. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कट्ट्याकट्ट्यावर वाचली जात होती. ती बोलण्यालायक ठरली २०१३ मध्ये चित्रपट आल्यावर, आणि तेव्हा शिरवळकर जाऊन दहा वर्षं झाली होती.

नारायण धारपांचा खटला तर अधिकच लाजिरवाणा आहे. त्यांच्या ‘आजी’ या कथेतून ‘तुंबाड’ चित्रपटाचं बीज पडलं. तो २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. मराठी माणसाच्या डोक्यातून निघालेलं भय हिंदी पडद्यावरून साऱ्या देशाने पाहिलं. तरीही मराठी कादंबरीची चर्चा सुरू झाली की धारपांचं नाव घेणाऱ्याला खाली बसवलं जातं, आणि कारण ठरलेलं: ‘ते इंग्रजीवर बेतलेलं आहे.’ ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे खरंच आहे. पण हाच निकष असेल तर हरिभाऊ आपट्यांचं काय करायचं? त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिलेली होती. गो. ना. दातारांनीही रेनॉल्ड्सच आपलासा केला आणि त्यावर मराठी वाचकांच्या पिढ्या रात्री जागल्या. हरिभाऊंना ते माफ आहे, कारण पुढे त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली. ती छापली गेली ‘करमणूक’ साप्ताहिकात, हप्त्याहप्त्याने, पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकांसाठी. यमूचं दुःख त्या वाट पाहण्यातूनच महाराष्ट्रभर पोहोचलं. हप्ता कुठे तोडायचा, वाचकाला कशावर अडवून ठेवायचं, हे हरिभाऊ रेनॉल्ड्ससारख्यांकडून शिकले असतील तर ते ऋण मान्य करायला कसली अडचण आहे? आणि ते मान्य केलं, तर धारपांना बाहेर ठेवण्याचं कोणतं कारण शिल्लक राहतं, हे विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आता लेखी सांगावं.