आंकडे आणि दृष्टि

छायाचित्रण शिकूं इच्छिणाऱ्यांस जीं मार्गदर्शक पुस्तकें मिळतात, त्यांत छिद्र, शटर व संवेदनक्षमता ह्या त्रयीचा परिचय आरंभींच दिलेला असतो, आणि तो बहुधा बिनचूकही असतो. आमची तक्रार निराळी आहे. तो वाचून नवशिक्यास वाटतें कीं, हें सारें प्रकाशाचें गणित आहे. उत्तर बरोबर आलें कीं काम झालें. आमच्या मतें खरा प्रश्न त्यानंतरच उभा राहतो.

गणित सोपें आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागलें म्हणजे एफ-अंक मिळतो. म्हणून अंक जितका मोठा तितकें छिद्र लहान. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ह्या पायऱ्यांवर दर पायरीस प्रकाश निम्मा होतो. शटरची मुदत निम्मी केल्यासही तेंच घडतें. संवेदनक्षमता १०० वरून २०० केली तर निम्मा प्रकाश पुरतो. मात्र चित्रांत रवाळपणा वाढतो. आतां एफ १६ व १/३० सेकंद, किंवा एफ ४ व १/५०० सेकंद, दोहोंत प्रकाश जवळजवळ सारखाच. पण पहिल्या चित्रांत अंगणापासून टेकडीपर्यंत सारें रेखीव, आणि धावणारें मूल पुसट. दुसऱ्यांत मूल स्पष्ट, आणि टेकडी धूसर. गणितानें दोन्ही उत्तरें बरोबर आहेत; निवड पाहणाऱ्यानेंच करावयाची.

ह्या निवडीचें महत्त्व १९३२ सालीं दोन ठिकाणीं दिसून आलें. सॅन फ्रॅन्सिस्को येथें अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनीं आपल्या मंडळास 'एफ/६४' हेंच नांव दिलें. चित्रकलेची नक्कल करणाऱ्या धूसर छायाचित्रांविरुद्ध तें बंड होतें. सूक्ष्म छिद्रानें सारें स्पष्ट होतें, पण त्यासाठीं वेळ द्यावा लागतो, आणि समोरची वस्तु निश्चल असावी लागते. वेस्टनची १९३० मधील भोपळी मिरची तशी निश्चल होती. म्हणूनच ती शिल्पासारखी भासते. त्याच १९३२ सालीं पॅरिसमध्यें सेंट-लाझार स्टेशनामागें आंरी कार्तिए-ब्रेसों ह्यानें कुंपणाच्या फटींतून डबक्यावरून उडी घेणारा माणूस टिपला. माणसाची आकृति पुसट आहे. पण टांच पाण्यास टेंकण्यापूर्वींचा तो क्षण हातचा गेला नाहीं. एकानें क्षण सोडला, दुसऱ्यानें रेखीवपणा. काय सोडतों हें दोघांसही ठाऊक होतें.

आम्हांस तें ठाऊक नव्हतें. बऱ्याच वर्षांपूर्वीं संध्याकाळच्या उजेडांत, वृंदावन व ओसरीसकट सारें स्पष्ट यावें ह्या हट्टानें, आम्हीं मातोश्रींचें छायाचित्र एफ १६ वर घेतलें. तेवढ्यांत कोणी हांक मारली व त्यांनीं मान वळविली. ओसरीचा प्रत्येक खांब आला. चेहरा तेवढा पुसला गेला. ती ओसरी आजही तशीच आहे, मातोश्री नाहींत.

आतांचे मोबाइल शटर व संवेदनक्षमता आपणच ठरवितात, मागचा भाग हिशेबानें धूसरही करतात. परंतु समोरच्यांपैकीं पुन्हा काय दिसणार नाहीं, हें त्यांस कोठून कळावें? म्हणून नवशिक्यानें एकच दृश्य दोन-तीन प्रकारें टिपावें, आणि प्रत्येक वेळीं काय गमावलें तें पाहावें. पुस्तकांनीं हा धडा पहिल्याच प्रकरणांत घातला तर आमची तक्रार उरणार नाहीं.