मातेचे ज्ञान आणि बालकाची खुंटलेली वाढ : एका अभ्यासपद्धतीचे परीक्षण

वयाच्या मानाने बालकाची उंची जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकाच्या मध्यकापेक्षा दोन प्रमाणित विचलनांहून अधिक कमी भरली, म्हणजे त्याची वाढ खुंटली असे समजले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अशा बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के आढळले. या प्रश्नाच्या अभ्यासात मातेचे ज्ञान, वृत्ती व आचरण मोजणारी त्रिखंडात्मक प्रश्नावली आता रूढ झाली आहे. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. प्रसूतीनंतरचे चिकाचे दूध टाकून देणे, किंवा मुलाला दीर्घकाळ वरणाच्या पाण्यावरच ठेवणे, या चुका ज्ञानाने टळू शकतात.

आक्षेप आहे तो निष्कर्ष काढण्याच्या रीतीवर. ज्ञान पुरेसे व आचरण अपुरे असे दिसताच त्या अंतरास उदासीनता हे नाव देऊन प्रबोधनाची शिफारस करण्यात येते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. सहाव्या महिन्याच्या सुमारास मुलाचे उष्टावण करावे, हे तिला परंपरेनेच ठाऊक असते. आजचे वैद्यकही स्तनपानाच्या जोडीला पूरक आहार त्याच वयात सुरू करावयास सांगते. परंतु पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो, आणि उचल फिटेपर्यंत तिच्या दिवसावर तिची सत्ता नसते. पहाटेच फडात गेलेल्या मातेने दिवसातून तीनचार वेळा ताजे, मऊ अन्न शिजवून भरवावे कसे? प्रश्नावलीत वेळ, मजुरी, पाणी व सरपण यांना रकाना नसल्यामुळे परिस्थितीची उणीव मातेच्या नावे मांडली जाते.

दुसरा दोष कालमर्यादेचा होय. वाढीची पीछेहाट अनेकदा गर्भावस्थेतच सुरू होते. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये आरंभिलेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात, गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांचे सेवन आणि अर्भकाचे जन्मतःचे आकारमान यांत संबंध आढळला. तथापि घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटात काय उरते, हे तिच्या ज्ञानाच्या गुणांकावरून कळत नाही.

यास्तव ही पद्धत टाकून न देता तिला साधनांचा चौथा खंड जोडणे अगत्याचे आहे. ‘काय करावे?’ या प्रश्नापाठोपाठ ‘ते करणे कशामुळे घडले नाही?’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. एरव्ही मातेची परीक्षा तेवढी पार पडेल. बालकाच्या उंचीचा उलगडा मात्र होणार नाही.