सान्चिनला फसवता येत नाही

परवा ऑफिसातल्या एका मित्राला काताचा व्हिडिओ दाखवला. हा यूएफसी न चुकता बघणारा. वीसेक सेकंद बघून म्हणाला, "भारीये, पण समोर कुणीच नाहीये रे. हा नाचच झाला ना?" मला राग आला. पण धड उत्तर देता येईना, म्हणून जास्त राग आला. आठ वर्षं गोजू-ऱ्यू कराटे करून माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसावं?

हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न.

आधी थोडी ओळख. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली: अडवणं, पकडणं, ठोसा, लाथ, वळणं. गोजू-ऱ्यू ही ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरातली शैली. 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मऊ. तिचे संस्थापक चोजुन मियागी (१८८८-१९५३). 'द कराटे किड' किंवा 'कोब्रा काय' पाहिलं असेल तर 'मिस्टर मियागी' हे नाव तुमच्या ओळखीचं आहे. ते इथूनच आलं, कारण १९८४ च्या त्या सिनेमाचा लेखक रॉबर्ट मार्क केमन स्वतः गोजू-ऱ्यू शिकलेला होता.

या शैलीत एकूण बारा काता. त्यातल्या चारांची नावं चक्क आकडे आहेत: सेसान १३, सेपाइ १८, सान्सेरू ३६ आणि सुपारिन्पेइ १०८. माळेचे मणी मोजलेल्या घरातल्या माणसाला १०८ दिसला की तो थांबतोच. त्यात मी इंजिनिअर. १८ सक्क १०८, ३६ त्रिक १०८, म्हणजे आत काहीतरी फॉर्म्युला असणार, असं वाटून मी एक अख्खा रविवार वहीत आकडेमोड केली. १३ कशातच बसेना. तोवर सान्सेरूचा सराव मात्र शून्य झाला होता.

तेव्हा माझी आवडही अशीच होती. जितका लांब आणि अवघड काता, तितका मोठा. स्पर्धेतही हेच दिसतं. सुपारिन्पेइ हा शैलीतला सगळ्यात लांब काता. तो कुणी झोकात केला की हॉल गाजतो. मलाही त्याच्या सगळ्या स्टेप्स पाठ आहेत. पण पाठ असणं आणि येणं यात किती अंतर असतं, हे मला एका अगदी साध्या दिसणाऱ्या काताने शिकवलं.

तो सान्चिन. नावाचा अर्थ तीन लढाया. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, बोटं किंचित आत वळलेली, दोन्ही हात छातीसमोर. तीन पावलं पुढे, सावकाश ठोसे, प्रत्येक हालचालीला पोटातून श्वास. मियागींच्या आवृत्तीत तर वळणंही नाहीत, फक्त पुढे जायचं आणि मागे यायचं. नवख्याला वाटतं, यात शिकायचं काय?

ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत मी सान्चिन करत होतो. सान्चिन तपासायची एक पद्धत असते, तिला शिमे म्हणतात: शिक्षक तुमच्या खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर हाताने थापा मारत ताण नेमका कुठे आहे ते बघतात. सरांनी माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि हळूच दाबले. खांदे दोन इंच खाली आले. ते वर चढलेले आहेत हे मला कळलंच नव्हतं. सर म्हणाले, "आवाज मोठा काढतोस रे, पण श्वास कुठंय?" पट्टा सहा महिने लांबला.

पुढच्या सोमवारी कॉल चालू असताना सहज लक्ष गेलं. लॅपटॉपसमोर माझे खांदे तसेच कानापर्यंत चढले होते. क्लायंट बोलत होता आणि मी श्वास धरून बसलो होतो. हे किती वर्षं चाललं असेल, देव जाणे. मानदुखीसाठी मी खुर्ची बदलली होती, उशी बदलली होती. खांदे खाली घे, एवढं एका कातानेच सांगितलं.

सान्चिनची एक तक्रारही करायला हवी. प्रात्यक्षिकांत तो बरेचदा तमाशा होतो. चेहरा लालबुंद, घशातून घरघर, वर अंगावर लाकडं मोडायची. जोर लावून श्वास कोंडला की रक्तदाब वाढतो, त्यात कसलीही सिद्धी नाही. मी परीक्षेत नेमकं तेच करत होतो. टाळ्या पडल्या असत्या, पण आतून काता रिकामा होता.

दुसरा आवडता, सेयुन्चिन. यात एकही लाथ नाही. सुरुवातीला तिरपी पावलं टाकत शिको-दाची, म्हणजे पाय फाकवून खाली बसलेला पवित्रा. मग हाताने गुंतवायचं, पकडायचं, खेचायचं. मांड्या पेटतात आणि उठावंसं वाटतं. पण उठलात की खेचण्यातला जोर जातो, कारण तो दंडातून नाही तर बुडातून येतो. जोडीदाराला मनगट पकडायला सांगून हे करून बघा. पवित्रा उंच असेल तर तुम्ही त्याला खेचण्याऐवजी तोच तुम्हाला खेचतो. असा जोडीने अर्थ लावण्याला बुन्काइ म्हणतात.

तिसरा तेन्शो, मियागींनी १९२१ च्या सुमारास रचलेला. पाय सान्चिनचेच, पण तळवे उघडे आणि मनगटं गोल फिरत राहतात. सान्चिन ताण शिकवतो, तर तेन्शो तो सोडायला. मला हा सगळ्यात अवघड जातो. ताण आणायला नुसता जोर पुरतो. सोडायला मात्र समोरून येणाऱ्या हातावर थोडा विश्वास ठेवावा लागतो.

आणि गेकिसाइ? नवशिक्यांचा म्हणून आपण त्याला ओलांडून पुढे जातो. मियागींनी गेकिसाइ दाइ इची आणि दाइ नी १९४० मध्ये रचले, कराटे शाळकरी मुलांपर्यंत, सामान्यांपर्यंत पोचावं म्हणून. पाचच वर्षांत ओकिनावाची लढाई झाली. नागरिकांचे मृत्यू लाखाच्या घरात गेले. मियागींचे पट्टशिष्य जिनान शिन्झातो त्यातच गेले. ज्याच्या हाती सगळं सोपवायचं तोच गेल्यावर काय उरतं? मियागींनंतर मियाझातो, तोगुची, यागी अशा शिष्यांनी जे शरीरात साठवलं होतं ते पुढे नेलं. म्हणून आज एकाच काताचे थोडे वेगळे पाठ दिसतात आणि 'खरा' कुठला यावर लोक भांडतात. मला वाटतं, इतक्या माणसांच्या अंगातून आलेली गोष्ट तंतोतंत सारखी राहिली असती तर तेच नवल होतं.

आता मित्राचं उत्तर. त्याचं अर्धं बरोबर आहे. बुन्काइशिवाय, कुणी मनगट धरल्याशिवाय, वर्षानुवर्षं नुसता हवेत केलेला काता नाचच होतो, आणि नाचणारेही आपल्यापेक्षा बरे नाचतात. नुसत्या काताने कुणी लढायला शिकत नाही. पण 'समोर कुणीच नाही' हे चूक. रिंगणात समोरचा माणूस तुमच्या चुका तुम्हाला ठोसा मारून सांगतो. सान्चिनमध्ये त्या तुम्हाला स्वतः शोधाव्या लागतात, आणि आपण स्वतःला फार सहज माफ करतो. म्हणून मला काताचं मोल त्याच्या लांबीवरून ठरवावंसं वाटत नाही. तो माझी कोणती लबाडी पकडतो, एवढंच मी बघतो. सुपारिन्पेइ अजून माझं काहीच पकडत नाही. दोष त्याचा नाही, मी तिथवर पोचलेलो नाही.

हे सगळं मित्राला सांगितलं नाही. परवा कॅन्टीनमध्ये त्याच्या मागे उभा राहिलो, खांद्यांवर हात ठेवले आणि हळूच दाबले. दोन इंच खाली आले. "अरे!" म्हणून तो मागे वळला. शनिवारी सकाळी सातला क्लासला येतो म्हणालाय. बघू.