रांजण भरणारे हात
मुंबईच्या जॅझविषयीचे दोन ग्रंथ, दोन चित्रपट आणि एक राहून गेलेली नोंद

काना गावच्या लग्नाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेतील एका बारीकशा तपशिलाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. भोजनकारभाऱ्याने द्राक्षारसाची चव घेतली, वराला बोलावून त्याची वाखाणणी केली. पण तो द्राक्षारस कोठून आला हे त्याला कळले नव्हते. ज्या सेवकांनी सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले होते, त्यांना मात्र ते ठाऊक होते. संत योहानाने ही नोंद आवर्जून केली आहे. त्या सेवकांची नावे त्याने दिली नाहीत, पण ते तेथे होते एवढे तरी तो विसरला नाही.

मुंबईतील जॅझ संगीतावर गेल्या काही वर्षांत जे लेखन झाले आणि जे चित्रपट निघाले, त्यांकडे पाहताना आम्हांला या सेवकांची वारंवार आठवण झाली. वादक दिसतो, गायिका दिसते, दिव्यांनी उजळलेले नृत्यगृह दिसते. परंतु सभागृह ठरवणारा, परवान्यासाठी खेटे घालणारा, तिकिटे खपवणारा आणि रात्री सर्वांच्या शेवटी घरी जाणारा माणूस क्वचितच दिसतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या अभावाचीच चर्चा करावयाची आहे. हा विषय आपला आहे, कारण मुंबईच्या जॅझचा इतिहास बऱ्याच अंशी कॅथलिक घरांतून घडलेला आहे.

प्रथम दोन ग्रंथांविषयी. ग्रेगरी बूथ यांचा ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणगृहांत आयुष्य घालवलेल्या वादकांच्या प्रदीर्घ मुलाखतींवर तो उभा आहे. नरेश फर्नांडिस यांचा ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हा ग्रंथ २०१२ साली आला. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, त्या काळापासून मुंबईच्या जॅझयुगाची कथा तो सांगतो. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठीत या विषयावर याच तोडीचे काम व्हावयास हवे, ही खंत आरंभीच नोंदवून ठेवतो.

या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळेत मेस्त्रीच्या छडीखाली स्वरलेखन शिकलेली मुले मुंबईस आली आणि देवळाच्या गायनवृंदात मिळालेल्या त्या शिदोरीवर हॉटेलांत, सर्कशींत, मूकपटांच्या वाद्यवृंदांत व पुढे बोलपटांत पोट भरू लागली, हे आपण घरोघरी ऐकलेले होते. त्याला या लेखकांनी ग्रंथरूप दिले. आल्दोनचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, यांनी सी. रामचंद्र यांच्या संगीतात जॅझचा रंग कसा भरला. लाहोरला हॉटेलात वाद्यवृंद चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत येऊन शंकर-जयकिशन यांचे स्वरसंयोजक कसे झाले. हे आता कोणाला नाकारता येणार नाही. ‘अलबेला’ (१९५१) पाहताना वाद्यवृंदासह पडद्यावर आलेला तो हसतमुख ट्रंपेटवादक कोण, हे पुष्कळांना या अभ्यासामुळेच कळले.

तथापि, बूथ यांच्या ग्रंथाचे नावच आम्हांला विचारात पाडते. पडद्यामागे म्हणजे नेमके किती मागे? संगीतदिग्दर्शकाच्या मागे स्वरसंयोजक होता, त्याच्या मागे वादक. एवढे बूथ दाखवतात आणि उत्तम दाखवतात. पण वादकाच्याही मागे कोणीतरी असते. ऐकणारे जमले नाहीत तर वादन होत नाही आणि ऐकणारे आपोआप जमत नसतात. फर्नांडिस यांच्या ग्रंथात या मागच्या मंडळींची ओळख होते, नाही असे नाही. परंतु ग्रंथाचा मुख्य झोत वादकावर आणि त्या काळच्या झगमगाटावर आहे. सुंदर छायाचित्रांतून नृत्यगृह डोळ्यांपुढे उभे राहते. त्या रात्रीचा जमाखर्च मात्र उभा राहत नाही.

हा जमाखर्च मांडू गेल्यास आमच्या मते मुंबईच्या जॅझला तीन प्रकारचे आयोजक लाभले असे दिसते. पहिला आयोजक म्हणजे हॉटेल. त्याला जेवण आणि नृत्य विकावयाचे होते. संगीत हे त्याचे आमिष होते. वादकांना महिन्याचा पगार मिळे ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद ताजमध्ये सुमारे दोन दशके टिकला, तो याच आधारावर. पण आमिषाची गरज संपली की आमिष दाखवणाराही निघून जातो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्री कोरड्या पडल्या आणि पुष्कळ वादकांना चित्रपटाकडे वळावे लागले.

दुसरा आयोजक म्हणजे सरकार, तेही परदेशी. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये व ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये मुंबईस आले, ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आखलेल्या दौऱ्यांवर. शीतयुद्धाच्या त्या काळात जॅझ हे मैत्रीचे साधन मानले जात होते. रसिकांना अपूर्व संगीत ऐकावयास मिळाले, हे खरे. पण पाहुणा परत गेल्यावर यजमानाच्या गावात काय उरते, हा प्रश्न राहतोच. दौऱ्याने श्रोता घडतो. स्थानिक वादकाची पुढच्या महिन्याची सोय दौऱ्याने होत नाही.

तिसरा आयोजक आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पदरमोड करणारा रसिक. निरंजन झवेरी हे याचे ठळक उदाहरण. पन्नासच्या दशकात त्यांनी व त्यांच्या मित्रांनी ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले. पुढे ‘जॅझ इंडिया’ ही संस्था उभी राहिली आणि १९७८ साली धोबी तलावाच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. सॅक्सोफोनचे थोर वादक सॉनी रोलिन्स त्या यात्रेत वाजवून गेले. हेच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस योगसाधनेसाठी पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते. ‘यात्रा’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. जत्रा भरवणारा आणि तीर्थयात्रेला निघणारा, दोघांचाही भाव त्यात आहे. परदेशी वकिलाती आणि सांस्कृतिक केंद्रे यांना पत्रे लिहून कलावंत मिळवावयाचे, त्यांची उतरण्याची सोय पाहावयाची, आणि त्यांच्या शेजारी आपल्या वादकांनाही व्यासपीठ द्यावयाचे, हे काम पगारी नोकर करू शकत नाही. त्याला वेड लागते.

या वेडाचे व्यावहारिक रूप काय असते, हे ज्याने एकदा तरी कार्यक्रम केला आहे त्यालाच कळेल. मागे आम्ही काही मित्रांनी धर्मग्रामाच्या आवारात एक लहानशी वाद्यसंध्या भरवली होती. वाजवणे दोन तासांचे, पण धावपळ दीड महिन्याची. पोलिसांचा परवाना, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, भाड्याच्या खुर्च्या, पियानो सुरात लावून देणाऱ्याची मनधरणी, रविवारच्या मिस्सेनंतर फाटकाशी उभे राहून तिकिटे खपवणे, आणि स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करणे. एका जाहिरातदाराचे पैसे अखेरपर्यंत आले नाहीत. दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावयाचा म्हणून घड्याळाकडे डोळे लागलेले. त्यामुळे शेवटची, सर्वांत चांगली रचना आम्ही कोणीच धड ऐकली नाही. आयोजकाचे नशीबच असे की ज्या संगीतासाठी तो राबतो तेच त्याला ऐकावयास मिळत नाही. मार्थेची तक्रार त्या रात्री आम्हांला नीट समजली.

आता चित्रपटांकडे वळू. ‘बॉम्बे वेल्वेट’ (२०१५) या हिंदी चित्रपटात साठच्या दशकातील मुंबई आहे, जॅझ गाणारी रोझी नोरोन्हा आहे आणि एक झगमगता क्लबही आहे. तो क्लब चालवणारी माणसे मात्र गुंड आणि कारस्थानी धनिक आहेत. नेपथ्यावर अपार खर्च झाला, पण संगीताचा कार्यक्रम प्रामाणिक कष्टानेही उभा राहतो, ही साधी शक्यता पटकथेला सुचली नाही. धोबी तलाव आणि आसपासच्या कुडांत, गावच्या रक्षणकर्त्या संताच्या वेदीपुढे संध्याकाळी रोझरी म्हणून वाद्याची पेटी उचलून कामावर निघणारा वादक या मुंबईत बसत नाही. म्हणून हे शहर आम्हांला ओळखीचे वाटले नाही.

बार्ड्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ (२०१४) हा कोंकणी चित्रपट याहून कितीतरी सच्चा आहे. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या गाण्यांतून विणलेल्या या कथेला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थ होता. येथे वादकांचे दारिद्र्य आहे, अहंकार आहे, आणि चित्रपटसृष्टीने नाकारलेले श्रेयही आहे. नायक लॉरी हाच वादक, हाच संगीतकार आणि नायिका डोना हिच्या कलाजीवनाचा सूत्रधारही आहे. एकाच हातात कला आणि व्यवस्था आली म्हणजे काय होते, कोणाचे आयुष्य उजळते आणि कोणाचे करपते, हे चित्रपट न सांगता दाखवतो. आयोजकाची सत्ता हाही पडद्यामागचाच एक भाग आहे आणि तिचे गोडवे गाऊन चालणार नाही. येथे आम्हांला आमच्याच म्हणण्याला मर्यादा घालावी लागते. पडद्यामागे राबणारा प्रत्येक जण सेवक नसतो. वादकाचे पैसे अडवणारे, त्याला कराराने बांधून ठेवणारे, त्याचे नाव पत्रिकेतून गाळणारेही पडद्यामागेच असतात. म्हणूनच त्या जागेवर समीक्षेचा उजेड पडावयास हवा. अंधारात निष्ठा आणि लबाडी दोन्ही सारख्याच दिसतात.

कलाकृतीचा विचार करताना आयोजनाचा विचार गौण मानावयाचा, ही आपल्या समीक्षेची जुनी सवय आहे. आमच्या मते ती चुकीची आहे. चित्र चित्रकाराच्या खोलीत पूर्ण होते. जॅझ तसे पूर्ण होत नाही. त्यातील बराच भाग जागच्या जागी, श्रोत्यांसमोर, सहवादकाला उत्तर देत देत सुचत असतो. म्हणजे खोली कशी आहे, माणसे किती आहेत, ती जेवावयास आली आहेत की ऐकावयास, यांवर संगीताचे रूप ठरते. जो ती खोली आणि ती माणसे जुळवून आणतो, त्याचा त्या स्वरांत वाटा असतो. रंगभवनाचेच पाहा. इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीच्या १०० मीटरांत शांतता पाळण्याचे नियम २००० साली आले आणि पुढे त्या उघड्या रंगमंचावरील मैफली थांबल्या. रुग्णाची झोप महत्त्वाचीच. त्याविषयी आमची तक्रार नाही. पण एक जागा गेली की तिच्याबरोबर ऐकण्याची एक रीत जाते, हेही कोणीतरी लिहून ठेवावयास हवे. लोअर परळचा ‘ब्लू फ्रॉग’ २००७ मध्ये उघडला व २०१६ मध्ये बंद झाला. नऊ वर्षांत घडलेला तो श्रोतृवर्ग पुन्हा विखुरला.

हे सारे लिहावयाचे तर साधने कोठून आणावयाची? वादकाची ध्वनिमुद्रिका उरते, छायाचित्र उरते. आयोजकाचे काय उरते? हस्तपत्रके, तिकिटांची अर्धुके, स्मरणिका, उधारीची वही. ही सामग्री ग्रंथालयांत नाही. ती आपल्या घरांत आहे: आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, व्हायोलिनच्या रिकाम्या खोक्यात, प्रार्थनापुस्तकाच्या पानांत. घराला रंग द्यावयाचा निघाला की ती प्रथम रद्दीत जाते. बूथ यांना मुलाखती मिळाल्या, कारण सांगणारी माणसे तेव्हा हयात होती. त्यांतील पुष्कळ जण आता नाहीत. पुढच्या अभ्यासकाला कागदावरच विसंबावे लागेल.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. जुना कागद टाकण्यापूर्वी त्यावरील तारीख, जागा आणि नावे वाचा. मागील बाजूस पेन्सिलीने लिहिलेला हिशोबही वाचा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारून ते लिहून ठेवा. तसेच आपल्या धर्मग्रामाच्या पुढच्या सणाला, नाताळच्या गायनसंध्येला वा वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला जेव्हा आभार मानले जातील, तेव्हा खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ या ठरीव वाक्यात गुंडाळू नका. ती माणसे अज्ञात नसतात. आपण त्यांची नावे विचारलेली नसतात, एवढेच.

काना गावच्या त्या मेजवानीत भोजनकारभारी हा एका अर्थी रसिक समीक्षकच होता. द्राक्षारस चांगला आहे हे त्याने अचूक ओळखले आणि उघडपणे सांगितले. एवढ्यापुरते त्याचे काम चोख होते. पण तो कोठून आला, हे त्याने रांजणांपाशी उभ्या असलेल्यांना विचारले असते, तर त्याला आणखी काही कळले असते. आपल्या संगीताविषयी यापुढे जे लिहितील त्यांनी तेवढे विचारावे.