निवृत्त कुत्रीचं देणं : ‘डॉग’ या चित्रपटाविषयी

या व्याख्यानमालेत आपण बहुधा ग्रंथांविषयी बोलतो. आज एका चित्रपटाविषयी बोलायचं आहे, आणि तोही करमणुकीसाठी काढलेला, अमेरिकी. फेब्रुवारी 2022 मध्ये आलेला ‘डॉग’. चॅनिंग टेटम आणि रीड कॅरोलिन या दोघांचं हे पहिलंच दिग्दर्शन, आणि नायक टेटम स्वतः. यात तत्त्वज्ञान कुठून आलं, असं काहींना वाटेल. आम्हाला ते दिसलं, आणि जिथे चित्रपट फसतो तिथे तर जास्तच दिसलं.

गोष्ट थोडक्यात अशी. ब्रिग्ज हा अमेरिकी सैन्याच्या रेंजर तुकडीतला माजी जवान. मेंदूला इजा झालेली, त्यामुळे नोकरी गेलेली. पुन्हा कामावर जायचं तर जुन्या कॅप्टनची शिफारस हवी. त्याच्या तुकडीतला रॉड्रिगेझ घरी परतल्यावर मोटार झाडावर घालून मेला. त्याची लुलू नावाची कुत्री, बेल्जियन मॅलिनवा जातीची, मागे राहिली. ती विमानात बसवण्याच्या स्थितीत नाही. तेव्हा कॅप्टन म्हणतो, हिला वॉशिंग्टन राज्यातून खाली अ‍ॅरिझोनात, नोगालेसजवळच्या अंत्यविधीला मोटारीने घेऊन जा, मग शिफारस देतो. विधी झाला की तिला लष्कराच्या ताब्यात द्यायचं, आणि तिथे तिला इंजेक्शन देऊन मारणार. म्हणजे नोकरी हवी असलेल्या माणसाने, नोकरी संपलेल्या प्राण्याला मरणापर्यंत पोचवून यायचं. कल्पना भेदक आहे, यात शंका नाही.

आता ‘मारणार’ ही लेखकाची कल्पना नव्हे, त्यामागे इतिहास आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे 4000 कुत्रे वापरले असा अंदाज आहे, परत आणले ते जेमतेम 200. बाकीचे तिथेच सोडले गेले किंवा मारले गेले, कारण दप्तरात त्यांची नोंद सामग्री म्हणून होती. तंबू, जीप, कुत्रा. 2000 साली क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला आणि निवृत्त कुत्र्यांना दत्तक देण्याची वाट मोकळी झाली. तो कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो रॉबी हाही मॅलिनवाच. त्याला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, 2001 च्या सुरुवातीला त्याला मारण्यात आलं. आपल्या लष्करातही निवृत्त श्वानांना मारण्याची पद्धत होती; गेल्या दशकात त्यावर बरीच ओरड झाली. (बघा, कामावर असतो तोवर ‘श्वान’, आणि गल्लीत आला की ‘कुत्रा’. भाषासुद्धा पेन्शन देत नाही.)

लुलूला कायद्याने वाचवता आलं असतं, पण ती ‘धोकादायक’ ठरली आहे. तिला धोकादायक कोणी केलं? ज्यांनी तिला शिकवलं त्यांनीच. इथे चित्रपटाने प्रश्न बरोबर जागी ठेवला आहे.

या प्रश्नावर कांटची आठवण येणं अपरिहार्य आहे. नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत कांटने नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं: इमानाने सेवा केलेला कुत्रा म्हातारा होऊन निरुपयोगी झाला, तर मालकाने त्याला मरेपर्यंत सांभाळावं. छान. पण का? कांटचं उत्तर असं की, कुत्र्याबद्दल आपलं थेट कर्तव्य काही नाही. प्राण्याशी निष्ठुरपणे वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून. म्हणजे कुत्रा ही माणुसकीची तालीम झाली. आम्ही वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं, आणि दर वर्षी कोणीतरी मुलगी मागच्या बाकावरून विचारायचीच: ‘सर, मग कुत्र्याचं काय?’

‘डॉग’ची अडचण तीच आहे. जुन्या फोर्ड ब्रोंकोतून दोघं दक्षिणेकडे जातात, ती गाडीतल्या सीटा फाडते, तो वैतागतो, हळूहळू सूर जुळतो. पण पटकथा प्रत्येक वळणावर लुलूचा आरसा करते. ती दचकते, कारण तो दचकतो. तिला मुसकं, त्याला गोळ्या. ती शांत होते तेव्हा तो बरा होऊ लागतो. आणि तिचा जीव वाचावा असं आपल्याला वाटतं ते ब्रिग्जला तिची गरज आहे म्हणून. मग पुन्हा उपयोगच आला ना? लष्कराने उपयोग संपला म्हणून तिला काढलं, चित्रपट नवा उपयोग सापडला म्हणून तिला ठेवतो. समजा ब्रिग्ज धडधाकट असता, तिच्यावाचून त्याचं काही अडत नसतं, तर?

सॅन फ्रान्सिस्कोतला प्रसंग आम्हाला सर्वांत जास्त खटकला. फुकट खोली मिळावी म्हणून ब्रिग्ज आंधळा माजी सैनिक असल्याचं सोंग करतो. हॉटेलच्या दालनात पारंपरिक अरबी धाटणीचे कपडे घातलेला एक गृहस्थ दिसतो आणि लुलू त्याच्यावर झेपावते. तिला जे शिकवलं तेच तिने केलं. तो माणूस डॉक्टर निघतो, ब्रिग्ज माफी मागतो, प्रकरण मिटतं, गाडी पुढे निघते. अहो, पण चित्रपटाचा सगळा नैतिक भार इथे एकवटला होता! परक्या देशात ज्यांच्यावर हे दात सोडले, त्यांचा चेहरा या एकाच ठिकाणी दिसला, आणि त्याला काम काय, तर नायकाला क्षमा करण्याचं. तोही आरसाच झाला.

तरीसुद्धा चित्रपट टाकाऊ नाही. ब्रिग्जच्या हाती लुलूविषयीची एक वही पडते, रॉड्रिगेझने ठेवलेली, तिच्या कामगिरीची, तिच्या सवयींची. ती तो चाळतो तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या लक्षात येतं की हिला स्वतःचा भूतकाळ आहे आणि त्यात आपण जवळजवळ नाही. असले क्षण फार नाहीत, पण आहेत. लुलूची भूमिका तीन कुत्र्यांनी केली आहे आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर पुरेसा थांबतो. तिथे संवाद नाहीत, संगीतही असेल तर जपून. अंत्यविधीत सलामीच्या बंदुका झडतात तेव्हा आपली नजर माणसांवरून हलून तिच्यावर जाते. तिला काय वाटलं हे कोणी सांगत नाही.

महाप्रस्थानिक पर्वातला कुत्रा तुमच्या मनात एव्हाना आलाच असेल. त्याने युधिष्ठिरासाठी काही केलेलं नव्हतं, नुसता मागे मागे चालत आला होता. ना पहारा, ना शिकार. तरी युधिष्ठिर म्हणाला, याला सोडून स्वर्ग नको. कांटच्या पुढे गेलेली ही भूमिका आहे. पण व्यासांनाही अखेर राहवलं नाही; कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असं उघड झालं. टेटम आणि कॅरोलिन यांनी तेवढं मात्र टाळलं. शेवटी ब्रिग्ज लुलूला लष्कराच्या दारातून परत घेऊन निघतो, तेव्हा ती कोणी देवता निघत नाही. बिघडलेले कान, वाईट सवयी आणि केव्हाही चावू शकणारे दात घेऊन ती कुत्रीच असते.